बदलापूर, विरार, पनवेल: मुंबईच्या वेशीबाहेरच्या उपनगरांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी लालबागच्या चाळीत वाढले आणि १९८५ पासून बदलापूरला राहते. परळच्या एका रुग्णालयात तीस वर्षांहून अधिक काळ परिचारिका म्हणून नोकरी केली, म्हणजे तितकीच वर्षे लोकलचा प्रवासही केला. मुंबईतले नातेवाईक, बदली होऊन आलेले डॉक्टर, घर शोधणारी नवी जोडपी, सगळे फिरून फिरून तेच विचारतात. त्यांना तुकड्यातुकड्यांनी दिलेली उत्तरे इथे सलग लिहून ठेवते आहे.

बाहेरची उपनगरे म्हणजे नेमकी कुठली?

माझ्या आजीच्या लेखी दादरच्या पुढे सगळेच उपनगर होते. सरकारी भाषेत मात्र ‘मुंबई उपनगर’ हा जिल्हा वांद्र्यापासून दहिसरपर्यंत आणि कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत. बृहन्मुंबईची हद्द १९५० आणि १९५७ अशी दोनदा वाढली आणि दहिसर-मुलुंडला येऊन थांबली. ती आजही तिथेच आहे.

मी लिहिते आहे ते या हद्दीपलीकडच्या गावांबद्दल. पश्चिम रेल्वेवर मीरा रोड, भाईंदर, वसई, नालासोपारा, विरार आणि २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत जाऊ लागल्यावर पालघर-बोईसरसुद्धा. मध्य रेल्वेवर दिवा, डोंबिवली, कल्याण. कल्याणला रूळ फुटतात, एक फाटा टिटवाळा, आसनगाव, कसाऱ्याकडे जातो आणि दुसरा उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, कर्जतकडे. खाडीपलीकडे पनवेल. ठाणे आणि नवी मुंबई ही आता आपापल्या जोरावर उभी असलेली शहरे आहेत, म्हणून त्यांचा उल्लेख गरजेपुरताच.

कागदोपत्री यातले एकही गाव मुंबईचे उपनगर नाही. प्रत्येकाची नगरपालिका किंवा महापालिका वेगळी, जिल्हा वेगळा. मुंबई त्यांना रोज वापरते, पण ती तिच्या नकाशात नाहीत. पुढच्या बऱ्याच उत्तरांचे मूळ याच गोष्टीत आहे.

ही गावे मुंबईच्या जिवावर जगतात, असेच ना?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा ऐकावा लागला आहे, आणि दर वेळी लागला आहे. मुंबईत नोकरी नसती तर बदलापूर वाढले नसते, हे खरेच. पण उलट बाजूही तितकीच खरी आहे आणि ती कोणी बोलत नाही.

जनगणनेचे आकडे घ्या. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३.४ लाखांवरून ३०.९ लाखांवर उतरली. उपनगर जिल्हा सात लाखांनी वाढला. दोन्ही मिळून मुंबईत भर पडली ती साडेचार लाखांच्या आसपास. त्याच दहा वर्षांत ठाणे जिल्हा, ज्यात तेव्हा पालघरही होते, ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. एकोणतीस लाख माणसे! तेव्हा तो देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला, आणि २०१४ साली त्यातून पालघर जिल्हा वेगळा काढावा लागला. आमचे बदलापूर लाखाच्या आतून पावणेदोन लाखांवर पोचले.

मुंबईतल्या कचेऱ्या, दवाखाने, दुकाने, बांधकामे या काळात कमी झाली नाहीत, वाढलीच. त्यांना लागणारी माणसे कुठेतरी राहिली पाहिजेत. त्यांना परवडणारे घर मुंबई देऊ शकली नाही, ते या गावांनी दिले. बदलापूरला राहणाऱ्या कारकुनाला दक्षिण मुंबईतल्या भाड्यावर घर चालवायचे झाले, तर त्याचा पगार आहे त्याच्या कितीतरी पट लागेल. तो तेवढा द्यावा लागत नाही म्हणून ती कचेरी तिथे टिकून आहे. स्वस्त घराचा फायदा घेणाऱ्याला होतो तसाच त्याला नोकरीवर ठेवणाऱ्यालाही होतो.

पण लोक एवढ्या लांब गेलेच कशाला?

हौसेने कोणी गेले नाही. माझे वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी शाळेत होते. दोन वर्षे घरात पगार आला नाही. आईने खाणावळीसाठी पोळ्या लाटल्या, दागिने गेले, आणि शेवटी चाळीतली खोली पागडीवर सोडून जे पैसे हाती आले त्यात बदलापूरला दोन खोल्या झाल्या. स्टेशनबाहेर टांगे उभे असायचे, नळाला पाणी दिवसाआड, रात्री दिवे गेले की पलीकडच्या डोंगरावरचे वणवे दिसायचे. आई पहिले सहा महिने रोज रडायची. अशी गोष्ट गिरणगावातल्या हजारो घरांची आहे. कोणी डोंबिवली गाठली, कोणी नालासोपारा, कोणी विरार.

सगळे गिरणगावातूनच आले असेही नाही. फाळणीनंतर सिंधी कुटुंबांना कल्याणजवळच्या जुन्या लष्करी छावणीत ठेवले आणि १९४९ साली त्या छावणीचे उल्हासनगर झाले. गिरगाव-दादरमधली कुटुंबे वाढली, मुलांची लग्ने झाली, एका खोलीत तीन संसार मावेनात, तेव्हा धाकटा भाऊ डोंबिवलीला गेला. पुढे उत्तर प्रदेश, बिहार, कोकण, खानदेशातून आलेल्या कामगारांना मुंबईत पाय ठेवायला जागा राहिली नाही, तेव्हा ते थेट दिवा आणि नालासोपाऱ्यालाच उतरले.

या सगळ्यांना शक्य झाले ते रेल्वेमुळे. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ची, आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले. विरारहून मुंबईला रोजची गाडी १८६७ पासून आहे. उपनगरे नंतर आली, रूळ आधीपासून होते. सेकंड क्लासचा मासिक पास अजूनही इतका स्वस्त आहे की अंतर खिशाला जाणवत नाही. ते शरीराला जाणवते.

रोज चार तास प्रवासात घालवणे परवडते का?

सरळ हिशेब मांडते. घरातून निघून वॉर्डात पोचेपर्यंत मला दोन तास लागत, येताना तेवढेच. वर्षाचे तीनशे दिवस धरले तर बाराशे तास, म्हणजे रात्रंदिवस मोजले तर पन्नास दिवस. दर वर्षी पन्नास दिवस मी गाडीत किंवा फलाटावर होते. या वेळेचे पैसे कोणी देत नाही. मुंबईच्या सगळ्या जमाखर्चात हा आकडा कुठेच लिहिलेला नसतो, आणि माझ्या मते बाहेरच्या उपनगरांनी शहराला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे.

माझ्या मुलीचा पहिला शब्द मी ऐकला नाही, शेजारच्या काकूंनी ऐकला.

तरी या प्रवासाला नुसते हाल म्हणणे मला जमत नाही. आमच्या डब्यात बायका मटार सोलत, मेथी निवडत, संक्रांतीला हळदीकुंकू होई, दसऱ्याला डब्याला आंब्याची तोरणे लागत. एकीच्या सातव्या महिन्यात आम्ही अंबरनाथ ते घाटकोपर अशी तिची ओटी भरली. तीन जणींच्या बाकावर चौथी सीट टेकवून देणे हा अलिखित नियम. बसायला मिळावे म्हणून आम्ही ‘रिटर्न’ मारायचो, म्हणजे उलट्या दिशेने दोन-तीन स्टेशने मागे जाऊन तीच गाडी आतून धरायची. वीस मिनिटे आणखी गेली तरी चालतील, पण पाय टेकून बसता यावे. बारा तास उभ्याने काम करणाऱ्या बाईला त्या सीटची किंमत कळते.

आणि मग अपघात. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी मुंबईच्या लोकल मार्गांवर दोन हजारांहून अधिक माणसे दगावली, रूळ ओलांडताना आणि गाडीतून पडून. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळच्या वळणावर गर्दीच्या दोन गाड्या शेजारून जात असताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले, त्यात काहींचा जीव गेला. रूळांवरून उचलून आणलेल्या कितीतरी तरुण मुलांना मी वॉर्डात घेतले आहे. त्यांच्या खिशात पास असायचा आणि पिशवीत डबा असायचा, बहुतेक वेळा भरलेला. ती मुले बेशिस्त होती असे कोणी म्हणाले की मला बोलल्याशिवाय राहवत नाही. दारात उभा राहणारा बहुधा आत जायला जागा नसते म्हणून तिथे असतो.

एसी लोकल वाढवल्या तर प्रश्न सुटेल ना?

बारा डब्यांची साधी गाडी काढून तिच्या वेळेला एसी गाडी लावली तर ज्यांना तिचे भाडे परवडत नाही ते मागच्या गाडीवर जातात आणि ती दुप्पट भरते. ऑगस्ट २०२२ मध्ये कळवा आणि बदलापूरच्या प्रवाशांनी याचसाठी आंदोलन केले आणि नव्या एसी फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. गाड्या वाढवा, बदलून देऊ नका, एवढेच आमचे म्हणणे. त्यासाठी जादा रूळ हवेत. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका २०२२ साली सुरू झाली. ती कित्येक वर्षे रखडली होती. कल्याण ते बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका, विरार-डहाणू चौपदरीकरण आणि पनवेल-कर्जत उपनगरी मार्ग यांची वाट आम्ही बघतो आहोत.

उपनगरे नसती तर मुंबईचे खरोखर काय अडले असते?

याची परीक्षा एकदा झाली आहे. २३ मार्च २०२० पासून लोकल बंद झाली. रुग्णालयात रुग्ण वाढत होते आणि निम्म्याहून जास्त सिस्टर, वॉर्डबॉय, सफाई कामगार विरार, कल्याण, बदलापूर, पनवेलकडचे. एसटी आणि बेस्टच्या खास बसगाड्या सुरू झाल्या. पहाटे साडेचारला मी घराबाहेर पडायचे. एसटीचे ते चालक-वाहक स्वतःच लांबून आलेले असायचे. काही जणी दोन-दोन महिने घरी गेल्या नाहीत, रुग्णालयाच्या वर्गखोलीत गाद्या टाकून राहिल्या. १५ जूनला फक्त अत्यावश्यक सेवेसाठी लोकल सुरू झाली तेव्हा रिकाम्या डब्यात बसून मी रडले होते, कशासाठी ते मलाही सांगता येणार नाही.

मे महिन्यात बाहेरच्या एका महापालिकेने हुकूम काढला की मुंबईत कामाला जाणाऱ्यांनी तिकडेच राहावे, परत येऊ नये. विरोध झाल्यावर तो मागे घेतला. पण त्या दोन-तीन दिवसांत आमची जागा कुठे आहे हे कळले. मुंबईला आमचे हात हवे होते, आमच्या गावाला आमची भीती वाटत होती, आणि आमची सोय बघणे हे कोणत्याच एका कचेरीचे काम नव्हते.

मुंबईला पाणी कुठून येते?

विहार आणि तुळशी हे दोनच तलाव मुंबईच्या हद्दीत आहेत, आणि त्यांचा वाटा फारच थोडा. बाकी सगळे पाणी बाहेरून येते. तानसा १८९२ चे. मोडकसागर १९५७ चे, महापालिकेचे अभियंता मोडक यांच्या नावाचे. मग ऊर्ध्व वैतरणा, भातसा, आणि २०१४ मध्ये पूर्ण झालेले मध्य वैतरणा. ही धरणे ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांत आहेत. मुंबईला रोज सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी मिळते, त्यातले जवळपास निम्मे एकट्या भातशातून.

भातसा, तानसा, मोडकसागर ही तिन्ही शहापूर तालुक्यात. आमच्या रुग्णालयात शहापूरकडच्या एक मावशी कामाला होत्या. आसनगावहून येत. त्यांच्या पाड्यावर मार्चपासून टँकर लागायचा. रात्री विहिरीत झरा भरेपर्यंत बायका काठावर बसून राहायच्या, आणि सकाळी त्याच मावशी परळला येऊन नळाखाली बादल्या भरून फरशी पुसायच्या. ते पाणी त्यांच्याच तालुक्यातून आलेले असायचे. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण मी पुस्तकात वाचली होती, अर्थ त्यांच्याकडून समजला. शहापूरमधले पाडे दर उन्हाळ्यात आजही टँकरवर आहेत. मोठी जलवाहिनी ज्या गावाला खेटून जाते त्या गावाला त्यातून एक तोटी मिळणे हा हक्क मानला गेला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

आणि उपनगरांना स्वतःला?

जो तो आपापले बघतो. नवी मुंबईने खालापूर तालुक्यातले मोरबे धरण स्वतःचे करून घेतले, म्हणून ती निर्धास्त आहे. बारवी धरण औद्योगिक विकास महामंडळाचे. त्यावर कारखानेही आहेत आणि अर्धा ठाणे जिल्हाही. वसई-विरार सूर्या प्रकल्पाच्या पाण्यावर अवलंबून, आणि ते पाणी मुळात डहाणू-पालघरच्या शेतीसाठी अडवलेले. आम्ही उल्हास नदीचे पाणी पितो. उन्हाळ्यात ती नदी वाहती राहते याचे एक कारण म्हणजे घाटावर आंध्रा नदीवरच्या ठोकरवाडी धरणाचे पाणी भिवपुरीच्या वीजकेंद्रातून खाली सोडले जाते. ठोकरवाडीला धरणात किती पाणी आहे याची बातमी आमच्याकडचे जाणते लोक म्हणूनच लक्ष देऊन वाचतात.

विजेचे काय?

खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ पासून मुंबईला वीज देते आहे, पुढे भिवपुरी आणि भिरा आले. डहाणूचे औष्णिक केंद्र मुंबईच्या हद्दीतल्या उपनगरांसाठीच उभारले गेले. १२ ऑक्टोबर २०२० ला भिवंडीजवळच्या पडघा आणि कळव्याच्या वाहिन्यांत बिघाड झाला आणि सगळी मुंबई अंधारात गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. पडघा कुठे आहे हे अनेकांनी त्या दिवशी पहिल्यांदा विचारले.

भिवंडीत एवढी गोदामे कशी आली?

दोन कारणे. मुंबईत माल आला की जकात लागायची, म्हणून माल हद्दीबाहेर उतरवून लागेल तसा आत नेणे व्यापाऱ्यांना परवडायचे. दुसरे म्हणजे जागा आणि रस्ते: नाशिक महामार्ग दाराशी, गुजरातकडे जायला वाट, न्हावाशेवाचे बंदर १९८९ मध्ये सुरू झाले तेही आवाक्यात. काल्हेर, पूर्णा, दापोडे, माणकोली ही भातशेतीची गावे बघता बघता गोदामांची झाली. १ जुलै २०१७ ला जकात गेली, गोदामे राहिली. आता मोबाइलवर मागवलेला मिक्सर दुसऱ्या दिवशी दादरच्या घरात पोचतो तो बहुधा इथूनच निघालेला असतो. आमच्या वॉर्डात येणाऱ्या सलाइनच्या खोक्यांवरही भिवंडीचाच पत्ता असायचा.

तिथले रस्ते बघितले की वाईट वाटते. शहराचे कोठार ज्या रस्त्यांवर उभे आहे, त्या रस्त्यांवर पावसाळ्यात रुग्णवाहिका अडकते.

उपनगरांत अजून शेती उरली आहे का?

आहे, आणि ती जपली पाहिजे. वसईच्या वाड्यांमधली केळी, भाजी, पानवेली, मोगरा आणि चाफा. पहाटेच्या गाडीने टोपल्या दादरच्या फुलबाजारात पोचतात. मुंबईतल्या देवघरातले फूल बरेचदा वसई-विरारचे असते. पावसाच्या सुरुवातीला पालघर आणि कर्जतकडच्या कातकरी, वारली, ठाकूर बायका शेवळं, कंटोळी, टाकळा अशा रानभाज्या घेऊन येतात. डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन आहे.

१९८० च्या दशकाच्या शेवटी वसईचा हरित पट्टा बांधकामाला खुला होऊ लागला आणि टँकर विहिरी उपसू लागले, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारखी माणसे ‘हरित वसई’ म्हणून रस्त्यावर उतरली. आज वसईच्या पश्चिमेला जी झाडी दिसते तिच्यात त्या लढ्याचा वाटा आहे. पूर्वेकडे तसे कोणी अडवले नाही. तिथला फरक गाडीच्या दोन्ही खिडक्यांतून दिसतो.

या सगळ्याचा कर कोणाला मिळतो?

कोरडा प्रश्न वाटेल, पण गाभा इथेच आहे. डोंबिवलीची मुलगी नरिमन पॉइंटला काम करते. तिच्या कचेरीचा मालमत्ता कर मुंबई महापालिकेला जातो. जकातीच्या बदल्यात राज्य सरकार देते ती भरपाईही मुंबईला. तिचा आयकर केंद्राला, व्यवसाय कर राज्याला. डोंबिवलीच्या वाट्याला तिच्या छोट्या घराची घरपट्टी आणि पाणीपट्टी येते. त्या बदल्यात डोंबिवलीने तिला रस्ता, दिवे, गटार, कचरा, मुलांची शाळा आणि म्हाताऱ्या आईसाठी दवाखाना द्यायचा.

मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. आमच्याकडे महापालिकाही नाही, नगरपालिका आहे. बाळंतपणात गुंतागुंत झाली की बदलापूरची बाई उल्हासनगर, कळवा, नाही तर थेट परळ-सायनला येते. अशा किती जणींना मी दारातच ओळखले, ‘आपल्याकडची दिसतेस’ म्हणून. काही जणी उशिरा पोचल्या. अंतराने माणूस दगावतो हे मी डोळ्यांनी बघितले आहे, म्हणून मुंबईच्या तिजोरीतला ठरलेला वाटा बाहेरच्या रुग्णालयांसाठी बाजूला काढावा असे मला वाटते. ते उपकार नाहीत. जिथली माणसे वापरता तिथल्या प्रसूतिगृहाचा खर्च तुमचाही आहे.

मग सगळ्यांची मिळून एकच महापालिका केली तर?

मला ते नको वाटते. एवढ्या अवाढव्य कारभारात बदलापूरच्या गटाराचे कोण ऐकेल? वसईतल्या गावांनी आणि कल्याणच्या २७ गावांनी महापालिकेतूनही बाहेर राहण्यासाठी वर्षानुवर्षे भांडण केले, ते उगाच नाही. पण पाणी, रेल्वे, कचरा आणि मोठी रुग्णालये या चार गोष्टी हद्द ओळखत नाहीत. महानगर प्रदेश विकास प्राधिकरण १९७५ पासून आहे. पूल आणि मेट्रो ते बांधते. तिथे आमच्या गावांनी निवडून दिलेल्या माणसांचा आवाज मोठा असायला हवा, आणि या चार गोष्टींचा खर्च वाटून घ्यायला हवा.

नोकऱ्याच उपनगरांत का नेत नाहीत?

प्रयत्न झाला होता. चार्ल्स कोरिया आणि प्रविणा मेहता हे वास्तुरचनाकार आणि अभियंते शिरीष पटेल यांनी १९६० च्या दशकातच मांडले की मुंबई उत्तरेकडे लांबट वाढण्यापेक्षा खाडीपलीकडे जोडशहर करा. ते शहर, म्हणजे आजची नवी मुंबई, वसवण्यासाठी १७ मार्च १९७० ला सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झाले. राज्य सरकारच्या कचेऱ्या पलीकडे जातील ही त्यातली मोठी अपेक्षा होती. मंत्रालय गेले नाही. उलट त्याच काळात नरिमन पॉइंटला भराव टाकून मनोरे उभे राहिले. घाऊक बाजार मात्र वाशीला गेले, पुढे ऐरोली-महापे-बेलापूरला कचेऱ्या आल्या, आणि आज कल्याणकडची बरीच मुले ठाण्याला गाडी बदलून तिकडे जातात. मंत्रालय तेव्हा गेले असते तर आमच्या पिढीचे गुडघे वाचले असते.

नोकऱ्या आणायच्या त्याही बघून. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखान्यांना खेटून घरे वाढली. २०१६ आणि २०२४ च्या मे महिन्यांत तिथे भीषण स्फोट झाले, माणसे गेली, दूरवरच्या इमारतींच्या काचा फुटल्या.

मूळ गावकऱ्यांना यातून काय मिळाले?

आगरी, कोळी, कुणबी, आदिवासी, यांच्या जमिनीवर आमची घरे आहेत, हे आम्ही नंतर आलेल्यांनी विसरू नये. नवी मुंबईसाठी जमिनी घेतल्या तेव्हा दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरातल्या गोळीबारात पाच जणांनी प्राण दिले. विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा परत मिळण्याची योजना त्यातून आली. ८ ऑक्टोबर २०२५ ला पनवेलजवळच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. तिथे उतरणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट माहीत असावी.

तिथे राहायला गेले की नाटक-पुस्तके सुटतात का?

कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे आहे. डोंबिवलीत सावित्रीबाई फुले आणि कल्याणला अत्रे रंगमंदिर. गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रा डोंबिवलीतून सुरू झाल्या आणि मग गिरगावात गेल्या. अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ चे, म्हणजे मुंबई सात सुटी बेटे होती तेव्हाचे. सुटत असेल तर वेळ सुटतो.

बदलापूर किंवा विरारला घर घ्यायचे आहे, काय बघू?

रविवारी नमुना फ्लॅट बघून सही करू नका. सोमवारी सकाळी आठला त्या स्टेशनवर उभे राहा आणि तुम्हाला जी गाडी धरायची आहे ती धरून दाखवा. इमारतीपासून स्टेशनपर्यंत शेअर रिक्षाची रांग रात्री नऊला किती असते ते बघा.

पाण्याची चौकशी मे महिन्यात करा, आणि बिल्डरकडे नको, शेजारच्या इमारतीतल्या बायकांकडे करा. टँकर येतो का, महिन्याला किती, पैसे कोण भरते. भोगवटा प्रमाणपत्र आहे का ते नगरपालिकेत जाऊन तपासा. वसई-विरार आणि कल्याण पट्ट्यात ते नसलेल्या इमारतीत राहणाऱ्यांना फार सोसावे लागले आहे.

नदीची पूररेषा विचारा. २६ जुलै २००५ ला आमच्या सोसायटीत पहिल्या मजल्याच्या पायऱ्यांपर्यंत उल्हासचे पाणी होते. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली, हजारभर प्रवासी. बचाव पथकांच्या जोडीला आजूबाजूचे गावकरी धावून गेले. पुराचे पाणी मावायची भातखाचरे भरून तिथे इमारती झाल्या आहेत. त्यामुळे जुन्या गावातल्या एखाद्या आजोबांना गाठा आणि त्यांना हाताने दाखवायला सांगा, पाणी कुठवर आले होते ते.